चवळीचा रोग जपण्याचे दिवस

डिसेंबर सरत आला की पनवेलच्या बाजारात भांबुर्ड्याच्या जुड्या दिसायला लागतात. एरवी हे झुडूप रस्त्याकडेला उगवतं आणि कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण पोपटीचे दिवस आले की त्याचा रुबाब वाढतो. मडक्यात तळाला हा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चालत असेल त्यांना कोंबडी, मूठभर जाडं मीठ, पुन्हा पाला, आणि मग मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. त्या वासाने सगळ्या गावाला भूक लागते. मला मात्र रोगराई आठवते. भाजीवालीच्या टोपलीत चवळीच्या शेंगांबरोबर चुकून आलेलं एखादं पान मी शोधते, उलटंसुलटं करून बघते, आणि त्यावर पिवळे-हिरवे चट्टे दिसले की माझा चेहरा उजळतो. "ताई, ते रोगट टाका, चांगल्या शेंगा देते," असं ती म्हणते. मी "नको, हेच छान आहे" म्हणून पान पर्समध्ये ठेवते. यंदाही ठेवलं. हल्ली ती शेंगा तोलताना मूठभर जास्त घालते. वेड्या माणसाला दुखवू नये असं तिला वाटत असावं.

ही खोड मला लागली एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी, एका हिवाळ्यात. घरच्यांना वाटत होतं मुलगी संशोधन करते आहे. खरं सांगायचं तर मी धडधाकट चवळी आजारी पाडत होते आणि ती पुरेशी आजारी पडत नाही म्हणून झुरत होते.

आमच्या मार्गदर्शक आठल्ये मॅडम त्या वर्षी फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होत्या. तीस वर्षं त्यांनी वनस्पतींचे विषाणू शिकवले. विषाणू म्हणजे धड सजीव नाही, धड निर्जीव नाही. पानात असला तर लाखांनी वाढतो. पण पानातून काढून, स्वच्छ करून क्षाराच्या पाण्यात नीट ठेवला तर साखरेसारखा खडा होऊन बसतो. त्याचा स्फटिक होतो. तो विरघळवून पानाला चोळा, पुन्हा रोग हजर. हे सांगताना मॅडम गुलाबी खडूने फळ्यावर एक मोठा, अनेक पैलूंचा स्फटिक काढायच्या. इतका सुंदर की मुलं विषाणू विसरून दागिन्यांच्या गप्पा मारायची.

एक दिवस वर्ग संपल्यावर फळ्याकडे बघत त्या मला म्हणाल्या, "अगं, हे मी कधी पाहिलेलंच नाही. पुस्तकातल्या चित्रावरून काढते. पुस्तकवाल्याने कुणाचं बघून काढलं, देव जाणे. तीस वर्षं थाप मारत आल्यासारखं वाटतं. जायच्या आत एकदा, फक्त एकदा, या डोळ्यांनी बघायचंय." आणि असं म्हणून त्यांनी माझा प्रकल्प ठरवून टाकला. मला खरं तर मशरूम करायचे होते.

आता रोग आणायचा कुठून? तो आपल्या पायांनी चालत आला. आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनीस सुंदराताई जासईच्या. त्यांचे भाऊ हसुरामदादा कंटेनर यार्डासाठी ट्रेलर चालवायला देतात, पण जमिनीच्या उरलेल्या तुकड्यात भातानंतर वाल-चवळी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते एका सकाळी पिशवीत चवळीचं एक झाड घेऊन आले. पानं आखडलेली, सगळीकडे पिवळे चट्टे. चेहरा असा की घरातलंच कुणी आजारी आहे.

"मॅडम, चवलीला रोग लागलाय. कायतरी औषद सांगा."

मॅडमनी पान उजेडात धरलं. "वा! काय सुरेख आहे हो! असा नमुनेदार रोग मी कित्येक वर्षांत पाहिला नाही."

हसुरामदादांनी बहिणीकडे बघितलं. सुंदराताईंनी नजरेनेच सांगितलं, थांब जरा, या अशाच आहेत.

"मंग मारू काय त्येच्यावर?"

"मारू? काही मारू नका! हातसुद्धा लावू नका! अजून किती झाडांना लागलाय? सगळी द्याल का आम्हाला?"

ते पिशवी तिथेच ठेवून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी टेम्पोभर रोगट झाडं आली आणि त्यांच्याबरोबर, न मागता, चांगल्या निरोगी बियाण्याची एक पिशवी. तिच्यात दादांचं आमच्याबद्दलचं मत स्पष्ट दिसत होतं.

मग कॉलेजच्या मागच्या प्लॉटात निरोगी चवळी लावून तिला रोग लावायचं काम सुरू झालं. रोगट पानं कुटून रस काढायचा, निरोगी पानावर घासकागदावर असते तशी बारीक पूड भुरभुरवायची आणि बोटाने रस चोळायचा. जोरात चोळलं तर पान मरतं, हलक्या हाताने चोळलं तर रोग लागत नाही. "तान्ह्या बाळाला तेल लावतो ना, तसं," मॅडम सांगायच्या. रोज सकाळी मी प्लॉटात जाऊन कोण कोण आजारी पडलं ते बघायची. एखादं झाड तरतरीत दिसलं की त्याला पुन्हा रस चोळायची. आई फोनवर मावशीला सांगायची, "अगं, तिच्या झाडांना अजून रोग लागला नाही, दोन दिवस धड जेवली नाहीये." मावशीने सांत्वन केलं, लागेल म्हणाली, सगळं वेळेवर होतं.

लागला. आणि मग ती लाडाने आजारी पाडलेली पानं आम्ही आईच्या मिक्सरमधून काढली, कारण कॉलेजचा मिक्सर कुठल्यातरी प्रदर्शनात गेला तो परत आला नव्हता. हिरवा रस गाळला, साफ केला, क्षार घालून बसवला, पुन्हा विरघळवला. शेवटी रस गरगर फिरवून विषाणू तळाला बसवायला मोठं यंत्र लागतं, ते मुंबईतल्या एका संस्थेत होतं. तिथे मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून एसटीने निघाले. थर्माकोलचं खोकं आणि बर्फ म्हटल्यावर पनवेल परिसरात दुसरा कुठला विचार कुणाच्या मनात येतच नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पापलेट की कोळंबी?" मी म्हटलं, "विषाणू." त्या दोन थांबे आधी उतरून गेल्या. परत येताना माझ्याकडे एका नळीच्या तळाशी, मसुरीच्या डाळीएवढा, दुधी रंगाचा विषाणू होता. महिन्याभराची मेहनत, अख्ख्या प्लॉटची पानं आणि एक मिक्सर. त्या मिक्सरमध्ये आईने नंतर कधीच चटणी केली नाही.

आता थेंब टांगायचे. छोट्या वाटीत क्षाराचं पाणी. काचेच्या चकतीवर विषाणूचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. चकती उलटी करून वाटीवर झाकण म्हणून ठेवायची आणि कडेने व्हॅसलीन लावून बंद करायची. थेंबातलं पाणी हळूहळू वाटीकडे जातं, विषाणू दाटतो, आणि त्याच्या मनात आलं तर स्फटिक होतो. बाकी काही करायचं नाही. हलवायचं नाही, उघडायचं नाही, सारखं बघायचं नाही. माझ्यासारख्या मुलीला यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती.

त्यातून त्या वर्षी उलव्याकडची टेकडी विमानतळासाठी फोडत होते. दुपारी सुरुंग उडाला की आमच्या खिडक्या थरथरायच्या आणि त्यांच्यासोबत मी. आता त्याच विमानतळावरून विमानं डोक्यावरून जातात, लोक गच्चीत जाऊन नातवंडांना दाखवतात. मला प्रत्येक विमान बघून वाटतं, बाबा रे, तुझ्यापायी माझे चोवीस थेंब हादरले होते. यावर उपाय सुंदराताईंनी काढला. भाताच्या तुसाचं एक पोतं त्यांनी भावाकडून आणवलं, जुन्या कपाटात आडवं घातलं आणि त्यावर थेंबांचा ट्रे ठेवला. "आता फुटू दे डोंगर," त्या म्हणाल्या. खरोखरच ट्रे हलेनासा झाला.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी मी सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि किंचाळले. थेंबात खडे! एक नाही, आठ-दहा! लख्ख पैलू, धारदार कडा. मॅडम धावत आल्या, चष्मा काढून डोळा लावला, आणि फोकस पुन्हा पुन्हा जुळवला. मग म्हणाल्या, "अगदी चित्रासारखे नाहीत गं. पण आहेत." अर्ध्या तासात ही बातमी कॉलेजभर झाली. प्राचार्य सर आले, त्यांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं, मी मोबाइलने फोटो काढले, आणि सरांनी तोंडात पेढा असतानाच कॉलेजचं नाव जगभर कसं होणार ते सांगायला सुरुवात केली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसे आम्ही सगळेच नवरे झालो होतो.

मॅडम म्हणाल्या, "सुंदराताई, तुम्हीपण बघा ना. तुमच्या पोत्यामुळे झालं हे."

सुंदराताईंनी पदराला हात पुसले, वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग सरळ झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ये मीठ हाय."

सरांचा पेढा तोंडात तसाच राहिला.

"चौकोनी हाय बगा. आनि मधी खलगा. आमच्या आगरात असाच पिकायचा."

मॅडमनी सुई घेतली, चकती उलटली, एका खड्यावर टोक टेकवून दाबलं. टच्. चांगला ऐकू येईल असा आवाज. विषाणूचा स्फटिक निम्म्याहून जास्त पाण्याचाच असतो, तो दाबला तर आवाज न करता चेपला जातो, मीठ मोडतं. मी कडेने व्हॅसलीन लावताना कंजूषपणा केला होता, थेंब वाळले होते, आणि विषाणूच्या पाण्यातलं साधं मीठ वर आलं होतं. तोपर्यंत पेढ्याचं एक खोकं संपलंही होतं. सर म्हणाले, "मीठ तर मीठ, पेढे चांगले आहेत," आणि निघून गेले. हे बोलून त्यांनी आमच्यावर केवढे उपकार केले ते त्यांना कधी कळलं नसेल. मॅडम मात्र खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना तसं बसलेलं बघून मला रडू आलं, आणि मी रडलेही.

त्या दुपारी सुंदराताई पहिल्यांदाच आमच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. वीस-बावीस वर्षं त्या फळ्यावरचा गुलाबी स्फटिक पुसत आल्या होत्या. त्यांना खड्यांबद्दल काही विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माजा बापूस मिठागरात होता," त्या म्हणाल्या. "आमी सगली पोरं उनात तितंच. पानी घाईनं उडाला की मीठ बारीक पडतो, पिठासारखा. हलू उडाला की खडा मोठा होतो. आनि पानी भरला की आत पाय नाय घालायचा. माजा भाऊस घालायचा, मार खायाचा. तुमी लय घाई करता. रोज दार उगडून बगता. मना दिसतं ना."

मी खाली बघितलं. मी खरंच रोज बघत होते, कधीकधी दोनदा. त्यांच्या बापाचं मिठागर आता डबर-मातीखाली गेलं आहे; वर कंटेनरच्या चार-चार मजली रांगा उभ्या आहेत, आणि हसुरामदादांचे ट्रेलर त्याच जागेवरून फिरतात. हे त्यांनी सांगितलं तेव्हा तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मॅडमनी वही उघडली आणि लिहून घेतलं: क्षार कमी करणे, पाणी सावकाश उडू देणे, व्हॅसलीन भरपूर, मुलीला कपाटापासून दूर ठेवणे.

नळीत विषाणू जेमतेम आठ थेंबांपुरता उरला होता. काळजी नव्हती, प्लॉटात नवी पानं फुटली होती आणि त्यांच्यावर रोग भरून उभा होता. अजून एकदा पानं काढू, असं ठरवलं आणि तोवर ते आठ थेंब टांगून ठेवले.

आणि मग फेब्रुवारीच्या मध्यावर आला मॅडमच्या निरोपाचा कार्यक्रम. हसुरामदादांनी सांगून टाकलं की पोपटी माझ्याकडून. शनिवारी दुपारी ते दोन माणसं, मडकी, भांबुर्डा, शेंगा घेऊन कॉलेजमागे आले. आम्ही सगळे वर सभागृहात भाषणं ऐकत होतो. खाली आलो तर काय जाळ, काय वास! दहीहंडी फुटल्यासारखी सगळी त्यावर तुटून पडली. शेंगा अशा मऊ झालेल्या, मिठाची चव आतपर्यंत गेलेली. मॅडम बोटं चाटत म्हणाल्या, "दादा, या चवळीच्या शेंगा काय गोड आहेत हो. कुठल्या?"

"तुमच्याच," दादा अभिमानाने म्हणाले आणि मागे हात केला.

मागे प्लॉट होता. म्हणजे प्लॉटची जमीन होती. झाड एकही नव्हतं.

"तुमचा सत्कार नि मागं ह्यो रोगाट कचरा, बरा दिसंल काय? सगला उपटला. शेंगा मडक्यात टाकल्या, झाडं जालावर. रोग जालायलाच लागतो मॅडम, नायतर पुडच्या सालाला परत येतो."

एक अक्षर चुकीचं नव्हतं. कुठल्याही शेतकऱ्याने हेच केलं असतं, आणि मॅडमनी स्वतः तीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवलं होतं: रोगट झाडं उपटून जाळा. आमचा सगळा विषाणू समोर धूर होऊन तळोज्याच्या दिशेने चालला होता, आणि जो जळला नव्हता तो आमच्या पोटात होता. माणसाला त्याने काही होत नाही. पण मी पुढचा घास गिळताना एका जवळच्या माणसाला खातेय असं मला वाटलं. मॅडमनी हातातल्या शेंगेकडे बघितलं, दादांच्या आनंदी चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "फार छान केलंत दादा." मग ती शेंग त्यांनी खाल्ली. मला मॅडम सर्वांत मोठ्या वाटल्या त्या त्या क्षणी.

आता उरले होते ते आठ थेंब. नवी चवळी आजारी पडून पुन्हा विषाणू काढायला महिना लागला असता, आणि मॅडमकडे दोन आठवडे होते. कपाटाची किल्ली सुंदराताईंनी कमरेला खोचली. "मागशील तर मिलनार नाय," मला आधीच सांगून ठेवलं. मी मागितली. मिळाली नाही. रोज दुपारी सुरुंग व्हायचा, मी कपाटाच्या दाराला कान लावायची, जणू आतून कुणी ओ देणार आहे.

शेवटच्या दिवशी, सगळ्या सह्या झाल्यावर, सुंदराताईंनी स्वतः कपाट उघडलं. सात थेंब स्वच्छ, रिकामे. आठव्यात एक खडा होता. एकच. छोटा, फिकट, कडा जरा मऊ वाटाव्यात असा. मॅडमनी बघितलं, आणि बाजूला झाल्या. "सुंदराताई, आधी तुम्ही."

सुंदराताईंनी डोळा लावला. आम्ही दोघी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. "खलगा नाय," त्या म्हणाल्या. "मीठ नाय."

मी मोबाइल लावून घाईघाईत फोटो काढला; त्यात नुसता एक पांढरा धूसर गोळा आला. माझ्या प्रबंधात म्हणूनच मिठाचा फोटो लख्ख आहे आणि स्फटिकाचा धुक्यासारखा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मिठाच्या फोटोचं फार कौतुक केलं.

पण खात्री कशी करायची? सुई लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि सुई लावली की तो जाणार होता. तीस वर्षं वाट बघून मिळालेला एकुलता एक. मॅडम सुई हातात घेऊन बसल्या. मी म्हटलं, "राहू दे ना मॅडम. सुंदराताई म्हणतात ना." त्यांनाही तेच हवं होतं, मला दिसत होतं. त्यांनी सुई खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"मोडा," सुंदराताई म्हणाल्या. "नायतर घरी जाऊन झोप लागनार नाय तुमाला."

मॅडमनी चकती उलटली, डोळा लावला, सुईचं टोक टेकवलं. आम्ही दोघी वाकून कान देऊन उभ्या. बाहेर कुठेतरी रिक्षाचा हॉर्न, वरच्या मजल्यावर बाकं ओढण्याचा आवाज. टेबलावरून मात्र काहीच आवाज आला नाही.

"वाजला नाय," सुंदराताई कुजबुजल्या.

"नाही वाजला," मॅडम म्हणाल्या, आणि सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता हसत सुटल्या. हसता हसता त्यांना रडू आलं. सुंदराताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तसं करताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मॅडमनी डोळे पुसले, त्या चेपलेल्या खड्यात पाण्याचा एक थेंब टाकला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत दादांच्या बियाण्याचं एक रोप कुंडीत उभं होतं, त्याच्या दोन पानांना तो बोटाने चोळला. तान्ह्या बाळाला तेल लावतात तसा. हार, शाल, नारळ घेऊन त्या संध्याकाळच्या आत घरी गेल्या.

त्या कुंडीवर मी लक्ष ठेवलं. सुंदराताईंनी याला मात्र कुलूप लावलं नाही. चार दिवस, पाच दिवस, रोप हिरवंगार, टवटवीत. मला त्याचा राग यायला लागला. आठव्या दिवशी सकाळी नव्या पानावर एक पिवळा ठिपका होता. दुपारपर्यंत मला तीन दिसले, त्यातला एक बहुतेक माझ्या मनाचा. दहाव्या दिवशी पान चट्ट्यांनी भरलं आणि कडेने आखडायला लागलं.

मी मॅडमना फोन केला. त्या मुलीकडे ठाण्याला गेल्या होत्या. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मॅडम," मी ओरडले, "चवळी आजारी पडली!"

नाक ओढल्याचा आवाज आला. मग कुणी ऐकणार नाही अशा बेताने, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "हसुरामदादांना सांगू नकोस हं."